लाकडी जीवरक्षक नाव आणि तिला जपणारे हात

वस्तुसंग्रहालयांतून फिरताना इतिहासाच्या शिक्षकाला एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. जतन झालेल्या वस्तूंत तलवारी असतात, सिंहासने असतात, राजमुद्रा आणि दागदागिने असतात. परंतु किल्ल्याच्या बांधकामावर चुना आणि माती ज्या पाट्यांतून वाहिली गेली, त्यांपैकी एकही पाटी तेथे नसते. याचे कारण उघड आहे. सत्तेची साधने पेटीत ठेवली जातात, श्रमाची साधने वापरून झिजतात आणि शेवटी चुलीत जातात. ज्यांनी श्रम केले त्यांच्या नावांचेही बहुधा असेच होते.

म्हणून ज्या ठिकाणी सामान्य माणसांनी सामान्य माणसांचे एखादे साधन स्वतःच्या हातांनी वाचविले, ते उदाहरण आम्हांला अभ्यासण्याजोगे वाटते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका लाकडी नावेची हकिकत मांडत आहोत. ही नाव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉड नावाच्या भूशिरावर आहे. तिला स्वतंत्र नावही नाही. ‘सीजी ३६५००’ हा केवळ तटरक्षक दलाच्या नोंदवहीतील क्रमांक आहे. परंतु या क्रमांकामागे दोन गोष्टी उभ्या आहेत. पहिली म्हणजे चार तरुणांनी एका रात्रीत वाचविलेले ३२ जीव, आणि दुसरी म्हणजे त्या नावेलाच मरणातून बाहेर काढणारे गावकरी. पहिल्या गोष्टीवर पुस्तके निघाली, चित्रपट निघाला. दुसरी गोष्ट तितकी सांगितली जात नाही. आम्हांला मात्र दोन्ही सारख्याच मोलाच्या वाटतात.

जीवरक्षक नाव म्हणजे काय?

जीवरक्षक नाव, म्हणजेच लाइफबोट, हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. मोठ्या जहाजाच्या बाजूला टांगलेली, जहाज सोडण्याची वेळ आल्यास प्रवाशांना घेऊन जाणारी नाव हा एक अर्थ. आपल्या विषयाशी संबंधित अर्थ दुसरा आहे. किनाऱ्यावर सदैव सज्ज ठेवलेली आणि इतर सर्व नावा आश्रयाला परत येत असताना वादळात उलट समुद्राकडे जाणारी नाव, ती ही जीवरक्षक नाव होय.

अशा नावेकडून तीन अपेक्षा असतात. तिने सहसा बुडू नये, आत शिरलेले पाणी आपोआप बाहेर जावे, आणि लाटेने उलथवल्यास ती स्वतःहून सरळ व्हावी. यांपैकी तिसरा गुण ऐकणाऱ्याला चमत्कारासारखा वाटतो, पण त्यामागचे तत्त्व शाळेतील विज्ञानाचेच आहे. नावेच्या तळाशी, कण्याच्या ठिकाणी, भरपूर वजन ठेवायचे आणि दोन्ही टोकांना उंचावर हवाबंद कप्पे करायचे. नाव उलटी झाली की ते हलके कप्पे पाण्याखाली जाऊन वर येऊ पाहतात आणि तळाचे वजन वर गेल्यामुळे खाली येऊ पाहते. या दोन ओढींमध्ये नावेला उलटे राहणे शक्यच होत नाही. पाणी बाहेर जाण्याची युक्तीही अशीच साधी असते. नावेची बसण्या-वावरण्याची पातळी बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच ठेवतात आणि तिच्यात एकाच दिशेने उघडणारी दारे बसवितात. आलेली लाट आपल्याच वजनाने निघून जाते.

कल्पना एकाची, श्रेय दुसऱ्याचे

ही युक्ती सुचली कोणाला, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य विचारावा. १७८९ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टाइन नदीच्या मुखाशी, ‘अॅडव्हेंचर’ नावाचे जहाज वादळात अडकले. किनारा जवळ होता, किनाऱ्यावर मोठा जमाव होता, तरीही कोणाला काही करता आले नाही. लोकांच्या डोळ्यांदेखत खलाशी बुडाले. त्यानंतर साउथ शील्ड्स येथील प्रतिष्ठित मंडळींनी जीवरक्षक नावेच्या उत्तम नमुन्यासाठी दोन गिनींचे बक्षीस जाहीर केले.

विल्यम वुडहेव्ह हा त्या गावचा एक गरीब रंगारी होता. विहिरीवर एका स्त्रीच्या भांड्यातील पाण्यात लाकडी ताटलीचा तुकडा तरंगताना त्याने पाहिला, आणि तो कसाही पालथा केला तरी पुन्हा सरळ होतो हे त्याच्या ध्यानात आले, अशी कथा सांगतात. कथा काहीही असो, स्वतःहून सरळ होणाऱ्या नावेचा नमुना त्याने सादर केला, ही ऐतिहासिक गोष्ट आहे. परीक्षकांनी त्याला बक्षिसाची अर्धी रक्कम, म्हणजे एक गिनी, देऊ केली. वुडहेव्हने ती नाकारली. प्रत्यक्ष नाव बांधण्याचे काम हेन्री ग्रेटहेड या नौकाबांधणी करणाऱ्याला मिळाले. तिच्यात अनेकांच्या कल्पना एकत्र झाल्या होत्या. ‘ओरिजिनल’ या नावाने ती ३० जानेवारी १७९० रोजी पाण्यात उतरली. पुढे १८०२ साली ब्रिटिश संसदेने ग्रेटहेडला १२०० पौंडांचे पारितोषिक दिले. वुडहेव्ह १८२१ साली दारिद्र्यातच वारला. त्याच्या थडग्यावर मात्र जीवरक्षक नावेची आकृती कोरलेली आहे.

ग्रेटहेडचे कर्तृत्व आम्ही नाकारीत नाही. त्याने उत्तम नावा बांधल्या. त्याने १८०२ साली बांधलेली ‘झेटलंड’ ही जगातील सर्वांत जुनी टिकून राहिलेली जीवरक्षक नाव मानली जाते आणि तिने पाचशेहून अधिक जीव वाचविले आहेत. तरीही कल्पना मांडणाऱ्या रंगाऱ्याला एक गिनी कमी का लेखले गेले, हा प्रश्न शिल्लक राहतो. श्रेयाची वाटणी हा न्यायाचाच एक भाग आहे. याचे एक वेगळे उत्तर पुढे आपल्याला केप कॉडच्या नावेवर सापडते, म्हणून ही हकिकत येथे सांगितली.

१८ फेब्रुवारी १९५२

सीजी ३६५०० ही नाव १९४६ साली मेरिलंड राज्यातील कर्टिस बे येथील तटरक्षक दलाच्या नौकाबांधणी आवारात तयार झाली. लांबी ३६ फुटांहून थोडी अधिक, रुंदी सुमारे १० फूट, वजन सुमारे ९ टन. सगळी बांधणी लाकडाची, आणि तळाशी सुमारे २००० पौंड वजनाचा काशाचा कणा. नेमणूक चॅटहॅम येथील ठाण्यावर. चॅटहॅमच्या बंदराबाहेर वाळूचा एक उथळ बांध पसरलेला आहे. मोकळ्या समुद्रावरून येणाऱ्या लाटा तेथे एकदम उंचावतात आणि फुटतात. वादळात हा बांध ओलांडणे म्हणजे जीव पणाला लावणे, हे तेथील मासेमाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

१८ फेब्रुवारी १९५२ रोजी हिमवर्षावासह आलेल्या वादळात ‘पेंडलटन’ नावाचे तेलवाहू जहाज पहाटे मधोमध मोडून दोन तुकडे झाले. हे जहाज ५०३ फूट लांब, पोलादी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घाईघाईने जोडून बांधलेल्या मालिकेतील. त्या काळी वापरलेले पोलाद थंडीत ठिसूळ होत असे आणि त्यामुळे या मालिकेतील जहाजांना भेगा पडत, हे पुढे स्पष्ट झाले. योगायोग असा की ‘फोर्ट मर्सर’ हे त्याच प्रकारचे दुसरे जहाजही त्याच दिवशी, त्याच भागात मोडले. फोर्ट मर्सरने संकटाचा संदेश पाठविला होता, त्यामुळे मदत तिकडे धावली. पेंडलटनला संदेश पाठविताच आला नाही. त्याच्या पुढच्या तुकड्यावर कप्तानासह आठ जण होते, त्यांपैकी कोणीही वाचले नाही. मागच्या तुकड्यावर ३३ जण होते आणि तो तुकडा तरंगत, भरकटत चॅटहॅमकडे येत होता. दुपारी रडारवर त्याचा सुगावा लागला.

चॅटहॅम ठाण्यावर त्या वेळी अनुभवी माणसे थोडी होती, कारण बाकीची फोर्ट मर्सरकडे गेलेली. ठाणेप्रमुखाने बर्नार्ड वेबर या २३ वर्षांच्या तरुणाला नाव घेऊन जाण्यास सांगितले. वेबरबरोबर जाण्यास तिघे पुढे झाले. अँड्र्यू फिट्झगेराल्ड इंजिनाचे काम पाहणारा, रिचर्ड लिव्हसी खलाशी. तिसरा अर्विन मास्के तर या ठाण्याचा नव्हताच. तो समुद्रात नांगरलेल्या एका दीपनौकेवर काम करी आणि तेथे परतण्यासाठी वाहनाची वाट पाहत त्या दिवशी ठाण्यावर थांबला होता. ‘हे माझे काम नाही’ असे म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. तरीही तो नावेत बसला.

वाळूचा बांध ओलांडताना लाटेने नावेची काच फोडली आणि होकायंत्र वाहून नेले. नाव इतकी आडवी होई की इंजिनाला इंधन पोहोचेना आणि ते बंद पडे. प्रत्येक वेळी फिट्झगेराल्ड त्या अरुंद, तापलेल्या कप्प्यात सरपटत शिरून ते पुन्हा सुरू करी. दिशा दाखविणारे काही उरले नसताना, अंधारात, त्यांच्या दिव्याचा झोत अखेर पेंडलटनच्या मोडक्या धडावर पडला. वरून दोरीची शिडी सोडण्यात आली. एकेक माणूस उतरू लागला. वेबर लाटेच्या चढ-उताराचा अंदाज घेत नाव शिडीखाली आणी, माणूस उडी मारी, आणि नाव धडावर आपटण्याआधी तो ती मागे घेई. असे ३२ वेळा झाले. इतरांना उतरण्यास मदत करून शेवटी शेवटी उतरणारा मायर्स नावाचा खलाशी मात्र नाव आणि जहाज यांच्यामध्ये सापडून मृत्यू पावला.

डझनभर माणसांचा भार गृहीत धरून बांधलेल्या नावेत आता ३६ माणसे होती. होकायंत्राशिवाय, वारा आणि लाटा पाठीशी घेऊन वेबरने नाव किनाऱ्याच्या अंदाजाने हाकली. बंदराच्या वाटेवरील खुणेचा लाल दिवा दिसला आणि ते चॅटहॅमच्या मासळी धक्क्याला लागले. धक्क्यावर गावातील स्त्री-पुरुष थंडीत उभे होते. त्यांनी नाव बांधली, आणि उतरणाऱ्यांना हात दिला. त्या दिवशी दोन्ही जहाजांवर मिळून ८४ माणसे होती, त्यांपैकी ७० वाचली.

यानंतर श्रेयाचा प्रश्न आला. तटरक्षक दलाचे सर्वोच्च असे सुवर्ण जीवरक्षक पदक वेबरला, आणि इतर तिघांना त्याखालोखाल रौप्यपदक, असा विचार आधी होता. सर्वांना सारखेच पदक मिळणार नसेल तर मला नको, अशी भूमिका वेबरने घेतली, असे या घटनेच्या इतिहासात नमूद आहे. शेवटी चौघांनाही सुवर्णपदक मिळाले. सुकाणू एकाच्या हाती होते हे खरे, परंतु इंजिन बंद पडले असते तर त्या सुकाणूचा काय उपयोग होता? ओलेत्या माणसाला नावेत ओढून घेणारे हात नसते तर तो माणूस वाचला असता काय? वुडहेव्हला अर्धी रक्कम देऊ करणाऱ्या परीक्षकांना जे कळले नाही, ते या २३ वर्षांच्या तरुणाला कळले होते.

तेरा वर्षांची उपेक्षा

साठच्या दशकात तटरक्षक दलाकडे ४४ फुटी पोलादी नावा आल्या आणि ३६ फुटी लाकडी नावा हळूहळू निवृत्त होऊ लागल्या. १९६८ साली सीजी ३६५०० सेवेतून काढण्यात आली. जुन्या नावा मोडीत काढल्या जात, परंतु हिचा पराक्रम लक्षात घेऊन ती केप कॉडच्या राष्ट्रीय किनारा उद्यानाकडे, प्रदर्शनात ठेवण्याच्या हेतूने, सोपविण्यात आली. हेतू चांगला होता, परंतु पैशाची तरतूद झाली नाही. नाव वेलफ्लीट गावाजवळ उघड्यावर पडून राहिली. एक-दोन नव्हे, तर तब्बल १३ वर्षे.

येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागेल. लाकडी नाव पाण्यात कुजते आणि जमिनीवर सुरक्षित राहते, असे सर्वसाधारणपणे वाटते. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. समुद्राचे खारे पाणी लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला मानवत नाही. पावसाचे गोडे पाणी मात्र तिला पोसते. उघड्यावरील नावेच्या कोपऱ्यांत, सांध्यांत, फळ्यांच्या टोकांवर पावसाचे पाणी साचते आणि तेथून कुजणे सुरू होते. उन्हाने फळ्या सुकून आकसतात, त्यांच्यामधील सांधे उघडे पडतात. थंड प्रदेशात फटींत साचलेल्या पाण्याचे बर्फ होते, ते प्रसरण पावते आणि फटी रुंदावतात. खिळे आणि बोल्ट गंजतात. म्हणजे वादळाने जिचे काही वाकडे केले नाही, ती नाव केवळ दुर्लक्षाने संपू शकते. इतिहासातील पुष्कळ गोष्टी अशाच संपल्या आहेत. त्यांच्यावर कोणी घाव घातला नाही, फक्त कोणी लक्ष दिले नाही.

१९८१ साली ऑर्लीन्स गावच्या ऐतिहासिक संस्थेने ही नाव मागून घेतली. ऑर्लीन्स, चॅटहॅम आणि आसपासच्या गावांतील स्वयंसेवक एकत्र आले. वर्गणी, साहित्य आणि श्रम हे सर्व लोकांनीच उभे केले. सुमारे सहा महिन्यांच्या अविरत कामानंतर १९८२ साली नाव रॉक हार्बर येथे पुन्हा पाण्यात उतरली. त्या समारंभास स्वतः वेबर उपस्थित होते. २००२ साली, घटनेला ५० वर्षे झाली तेव्हा, ते आणि त्यांचे जुने सहकारी पुन्हा तिच्यावर चढले. २००५ साली तिचा समावेश राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत झाला. या घटनेवरील ‘द फायनेस्ट अवर्स’ हे गाजलेले पुस्तक २००९ चे आणि चित्रपट २०१६ चा आहे. हा कालक्रम आम्ही मुद्दाम देत आहोत. प्रसिद्धी येण्याच्या कितीतरी वर्षे आधी, कोणी पाहत नसताना, गावकऱ्यांनी खरवडण्याची हत्यारे हाती घेतली होती.

लाकडी नाव पुन्हा उभी कशी करतात?

स्वयंसेवकांचे काम म्हणजे हौसेने रंग फासणे, असा गैरसमज होऊ नये, म्हणून जुन्या लाकडी नावेच्या जीर्णोद्धाराची पद्धत थोडक्यात सांगतो. कोणत्याही लाकडी नावेला ती सारख्याच प्रमाणात लागू पडते.

पहिले काम नोंदीचे. काहीही उचकटण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यायचे, माप घ्यायचे, चित्र काढायचे आणि त्याला क्रमांक द्यायचा. उत्साहाच्या भरात आधी मोडतोड केली तर नाव पुन्हा कशी जोडावी हे सांगणारे कोणी उरत नाही. इतिहासकार कागदपत्रांशी जसे वागतो, तसेच येथे लाकडाशी वागावे लागते.

दुसरे काम आधाराचे. अनेक वर्षे वेडीवाकडी पडून राहिलेली नाव आपल्याच वजनाने वाकलेली असते. योग्य ठिकाणी टेकू देऊन तिचा मूळ आकार आधी परत आणावा लागतो. वाकड्या नावेवर नवीन फळ्या बसविल्या तर वाकडेपणाच कायम होतो.

तिसरे काम परीक्षेचे. बोथट टोच्याने लाकूड ठिकठिकाणी टोचून पाहायचे आणि हातोडीने वाजवून ऐकायचे. निरोगी लाकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा भद्द येतो. जुना रंग थर-थर करून खरवडायचा. हे काम कंटाळवाणे आहे, धुळीचे आहे आणि सर्वांत वेळखाऊ आहे. परंतु शिकाऊ माणसालाही ते करता येते. रविवारी येणारा शिक्षक, निवृत्त टपाल कर्मचारी, शाळकरी मुलगी हे सर्व जण येथेच कामास लागतात.

चौथे काम कुशल सुताराचे. नावेच्या बरगड्या वाकदार असतात. नवीन बरगडी बसवायची असेल तर लाकूड लांब पेटीत वाफेवर ठेवतात. एक इंच जाडीला सुमारे एक तास, असा जुना ठोकताळा आहे. मऊ झालेले लाकूड बाहेर काढताच काही क्षणांतच जागेवर वाकवून आवळावे लागते. त्यासाठी एकाच वेळी तीन-चार माणसे लागतात. सुतार सांगेल त्या क्षणी सर्वांनी एकत्र जोर लावायचा. येथे एकट्याचे कौशल्य पुरत नाही.

पाचवे काम सांधे भरण्याचे. फळ्यांमधील फटींत कापसाची दोरी बोथट छिन्नीने ठोकून भरतात आणि वरून लुकण लावतात. फार सैल भरली तर पाणी शिरते, फार घट्ट भरली तर फळी फुगल्यावर बरगडीवरून सुटते. हाताला याचा अंदाज यायला महिने लागतात. मग तळाला तांबेयुक्त रंग लावतात, कारण समुद्रात लाकूड पोखरणारा एक मृदुकाय प्राणी असतो आणि उघडे लाकूड त्याला सापडले की आतून चाळणी होते.

शेवटी नाव पाण्यात उतरविल्यावर ती गळते. पाहणाऱ्यांना वाटते, सारे श्रम वाया गेले. जाणकार मात्र पंप लावून शांतपणे बसून राहतात. एक-दोन दिवसांत फळ्या पाणी पिऊन फुगतात, सांधे आपोआप आवळतात आणि गळती थांबते. कोकणातील होड्या बांधणाऱ्यांना ही गोष्ट नवीन नाही. देशावरच्या आपल्या वाचकांनी सुकलेला लाकडी डेरा किंवा चाकाची पाटी पाण्यात भिजत घालण्याची जुनी रीत आठवावी, तत्त्व तेच आहे.

मग मूळ नाव उरली किती?

एक प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी हमखास विचारतात. फळ्या नवीन, बरगड्या नवीन, इंजिनही बदललेले, तर ती तीच नाव कशी? हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीक लेखक प्लुटार्क याने थीसियसच्या जहाजाच्या निमित्ताने तो नोंदवून ठेवला आहे. अथेन्सचे लोक त्या जहाजाची कुजलेली फळी काढून नवीन बसवीत, आणि ते तेच जहाज आहे की नाही यावर तत्त्वज्ञ वाद घालीत.

या प्रश्नाला व्यवहारात दोन उत्तरे दिली जातात. ‘झेटलंड’ इंग्लंडमधील रेडकार येथे संग्रहालयात जमिनीवर आहे, आणि ते संग्रहालयही स्वयंसेवकांच्या बळावर चालते. १८६४ साली ती नाव मोडून टाकण्याचे ठरले होते. गावकऱ्यांनी विरोध केला म्हणून ती वाचली, आणि १८८० साली तिने पुन्हा एकदा वादळात जाऊन जीव वाचविले. तिचे मूळ लाकूड टिकविणे हे तेथील ध्येय आहे, म्हणून तिला आता पाणी लागू देत नाहीत. केप कॉडच्या नावेबाबत उत्तर वेगळे दिले गेले. ती तरंगती ठेवायची, चालती ठेवायची. याचा अर्थ दर वर्षी ती पाण्याबाहेर काढायची, तपासायची, खरवडायची, रंगवायची. काही लाकूड बदलावेच लागणार, परंतु नाव चालविण्याची विद्या जिवंत राहणार. पहिल्या मार्गात वस्तू टिकते, दुसऱ्यात कसब टिकते. दोन्ही मार्ग योग्य आहेत. मात्र आपण काय टिकवू पाहतो हे आधी ठरवावे लागते.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात येथे आणखी एक शंका येईल. मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्तात तथागतांनी तराफ्याचा दृष्टान्त दिला आहे. पैलतीरी पोहोचल्यावर तराफा डोक्यावर घेऊन चालणारा माणूस शहाणा नव्हे. मग काम संपलेली नाव जपत बसणे ही आसक्तीच नव्हे काय? दृष्टान्त नीट वाचला तर उत्तर त्यातच आहे. तेथे शहाणा माणूस तराफा काठावर ओढून ठेवतो किंवा पाण्यात सोडून देतो, आणि पुढे जातो. निषेध आहे तो डोक्यावर वाहण्याचा. केप कॉडच्या गावकऱ्यांनी नाव डोक्यावर घेतलेली नाही. त्यांनी ती काठावर ओढली, दुरुस्त केली आणि पुढच्या पिढीला चालवून पाहण्यासाठी ठेवली. वस्तूची पूजा करणे वेगळे आणि वस्तूची निगा राखणे वेगळे. पूजेला एक दिवस पुरतो, निगा दर वर्षी राखावी लागते.

स्वयंसेवेचे खरे स्वरूप

या संपूर्ण हकिकतीत ‘स्वयंसेवक’ हा शब्द दोनदा येतो. १९५२ साली मास्के स्वेच्छेने नावेत बसला. १९८१ साली गावकरी स्वेच्छेने नावेखाली उताणे झोपून तिचा तळ खरवडू लागले. पहिल्या कृतीला धैर्य म्हणतात आणि दुसरीला हौस. आमच्या मते हा भेद वरवरचा आहे. संकटाच्या क्षणी पुढे होणे कठीण आहेच. परंतु टाळ्या वाजविणारे कोणी नसताना, ज्या कामाला शेवट नाही ते काम वर्षानुवर्षे करीत राहणे हेही कमी कठीण नाही. लाकडी नावेचे काम कधीच ‘पूर्ण’ होत नाही. ज्या वर्षी कोणी येणार नाही, त्या वर्षापासून पाऊस आपले काम सुरू करतो.

म्हणूनच अशा प्रत्येक प्रकल्पापुढे खरी चिंता पैशाची नसते, तर वारसांची असते. वाफेवर बरगडी वाकविणारा सुतार वृद्ध होतो. सांधे भरणाऱ्याचा हात थरथरू लागतो. त्यांच्या शेजारी एखादा तरुण हत्यार धरायला उभा नसेल, तर ती विद्या त्यांच्याबरोबरच जाते. पुस्तकात वाचून फटीत कापूस किती घट्ट ठोकावा हे कळत नाही. ते शेजारी बसूनच कळते.

आपली निवासी शाळाही वर्गण्यांवर, धान्याच्या मुठींवर आणि अनेकांच्या विनावेतन श्रमांवर उभी राहिली, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. इमारतींच्या पायाभरणीचे शिलालेख आहेत, त्यांवर मान्यवरांची नावे आहेत. परंतु ज्यांनी विटा उचलल्या, ज्यांनी पहाटे उठून शेकडो मुलांच्या भाकरी थापल्या, ज्यांनी फाटक्या पुस्तकांना खळ लावून ती पुढच्या इयत्तेसाठी जपली, त्यांची नावे कोठे लिहिली आहेत? त्यांच्यापैकी जे आज हयात आहेत त्यांच्याजवळ बसून ती नावे लिहून घेणे, जुनी हजेरीपत्रके आणि छायाचित्रे वाळवीच्या तोंडातून काढणे, छायाचित्रातील प्रत्येक चेहऱ्याखाली नाव लिहिणे, हे काम माजी विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे आहे. त्याला फार पैसा लागत नाही. सुट्टीचे काही दिवस लागतात, आणि सोबत एखादी नववी-दहावीतील विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी घ्यावा लागतो, म्हणजे पुढे ते काम कोण करणार हा प्रश्न राहत नाही.

आणि ती नावे लिहिताना वेबरने घातलेली अट आपणही पाळावी. सुकाणू धरणारा, इंजिन सुरू ठेवणारा आणि ओल्या माणसाला हात देणारा, या सर्वांची नावे एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत असावीत.